टॉवर नाकारणारा ठराव आणि त्यानंतरची मोजणी: सत्तरी तालुक्यातल्या एका गावाचं प्रकरण

गोव्यात लोकांची चळवळ म्हटलं की थांबवलेल्या गोष्टी आठवतात. राज्यातल्या जमिनीचा वापर ठरवणाऱ्या प्रादेशिक आराखडा २०११ च्या विरोधात गोवा बचाव अभियान उभं राहिलं आणि २००७ च्या सुरुवातीला सरकारला तो मागे घ्यावा लागला. त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी सेझ, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रं, रद्द करत असल्याचं सरकारने जाहीर केलं. जानेवारी २०२१ मध्ये सत्तरीतल्या शेळ-मेळावलीच्या लोकांनी आयआयटीसाठी होणारी जमिनीची मोजणी अडवली आणि काही दिवसांत तो प्रकल्प तिथून हलवण्याचा निर्णय झाला. हे लढे न्याय्य होते. लोक रस्त्यावर आले नसते तर गोव्याचे डोंगर आणि शेतं आज कुणाच्या नावावर असती, हे सांगायला नको.

माहिती आणि दळणवळण तंत्रज्ञानाच्या धोरणात मात्र नुसतं ‘नको’ म्हणून भागत नाही. टॉवर, केबल, ऑनलाइन सेवा यांना आपण नकार दिला की आपलंच कुणीतरी बाहेर राहतं, आणि बहुतेक वेळा तो माणूस ग्रामसभेला आलेलाच नसतो. सत्तरीतल्या एका गावात हे कसं घडलं आणि पुढे गावकऱ्यांनी त्यातून काय उभं केलं, ते इथे मांडतो आहे. गावाचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. गावच्या वाचनालयाच्या कामामुळे माझा या सगळ्याशी संबंध आला.

गाव आणि २०१९ चा ठराव

वाळपईहून आत गेल्यावर रस्त्यालगत मधला वाडा लागतो. देऊळ, सरकारी मराठी प्राथमिक शाळा, पंचायत घर, दोन दुकानं, सगळं इथेच. ओहळापलीकडे पैलवाडा. आणि वर सड्यावर, म्हणजे कातळी पठारावर, काजूच्या बागा संपल्यावर, गवळी-धनगरांची घरं. त्यांच्या मागे म्हादई अभयारण्याची हद्द सुरू होते. १९९९ मध्ये जाहीर झालेलं हे अभयारण्य सुमारे २०८ चौरस किलोमीटरचं आहे, आणि त्याच्या आत किंवा काठावर राहणाऱ्या माणसाच्या प्रत्येक मागणीत वनखातं हा तिसरा पक्ष असतोच.

२०१९ मध्ये एका कंपनीने मधल्या वाड्यात, शाळेच्या कुंपणाला लागून असलेल्या खाजगी जागेत टॉवर उभारायचं ठरवलं. हीच जागा का, याचं उत्तर रेडिओलहरींत शोधून सापडत नाही, ते जमिनीच्या कागदांत आहे. सत्तरीत मोकासो आणि आल्वारा या जुन्या इनामी-सनदी जमिनींचा प्रश्न पिढ्यानपिढ्या पडून आहे. ज्या जमिनीत आजोबांपासून काजू लावले, तिच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीत, कसणाऱ्याचं नाव मालक म्हणून नाही, अशी कितीतरी कुटुंबं आहेत. कंपनीला भाडेकरार करायचा तर स्वच्छ नावाची जमीन लागते. अशी जमीन गावात मोजक्यांकडे, आणि तीही रस्त्याकडेला. म्हणून टॉवर जिथे मुळात थोडीफार रेंज आहे तिथेच येतो, आणि जिथे अजिबात नाही तिथे येत नाही. दुर्गम भागातल्या जोडणीवर जी चर्चा होते तिच्यात खर्च आणि डोंगर यांचा उल्लेख असतो. जमिनीच्या मालकीचा क्वचितच. सत्तरीत तरी हे कारण पहिल्या क्रमांकाचं आहे, असं माझं मत आहे.

ग्रामसभेत कंपनीचा कुणी आला नव्हता. सचिवांनी इंग्रजी पत्र वाचून दाखवलं आणि अर्थ थोडक्यात सांगितला. लोकांचे प्रश्न साधे होते. शाळेशेजारीच का? पोरांना त्रास झाला तर जबाबदार कोण? जोरात वारा आला आणि तो पडला तर? उत्तर द्यायला कुणीच नव्हतं. ठराव एकमताने नामंजुरीचा झाला. कंपनीने पुढे पाठपुरावा केला नाही आणि विषय मिटला असं सगळ्यांना वाटलं.

२०२० चा पावसाळा

मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि जूनमध्ये वर्ग मोबाइलवर सुरू झाले. सांगे, सत्तरी, काणकोणातली मुलं रेंजसाठी डोंगर चढतात, हे तेव्हा राज्यभर बातम्यांत आलं. आमच्याकडेही तेच. धनगरवाड्याची आणि पैलवाड्याची मोठी मुलं काजूच्या बागेवरच्या एका सपाट कातळावर जाऊन बसत. सत्तरीतला पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला त्या कातळावर छत्री धरून गणिताचा तास ऐकणं काय असतं, ते कळेल. बहुतेकांना थेट तास जमलाच नाही. व्हॉट्सॲपवर आलेल्या नोट्स उतरवून घ्यायच्या एवढंच. फोन एकच, तो वडिलांचा, आणि वडील होंडा किंवा भुईपालच्या कारखान्यात पाळीवर. म्हणजे मुलाची शाळा वडील घरी आल्यावर रात्री, आणि रात्री त्या कातळावर जायला कुणी पाठवत नाही.

याच वर्षी राज्य सरकारने गोवा टेलिकॉम पायाभूत सुविधा धोरण आणलं. माहिती तंत्रज्ञान खात्याकडे त्याची सूत्रं. टॉवरना विरोध करू नका, असं मुख्यमंत्री प्रमोद सावंत वेळोवेळी सांगत होते. पण त्या धोरणाचा मसुदा गावाने पाहिला नव्हता, त्यावर आपण काही कळवू शकतो हेही गावात कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. कोविडमुळे ग्रामसभाही बंद होत्या. ज्या काळात लोकांचं म्हणणं सर्वांत गरजेचं होतं, त्याच काळात ते मांडायची अधिकृत जागा उरली नव्हती.

२०२१ च्या सुरुवातीला देवळाच्या मंडपात थोडी माणसं जमली. शाळेचे गुरुजी, वीज खात्यातून निवृत्त झालेले एक लाइनमन काका, स्वयंसाहाय्य गटाच्या बायका, फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणारा गावचा एक मुलगा. शाळेशेजारी नको म्हणून ठराव कसा बरोबर होता, यावर बोलणं चाललं होतं. धनगरवाड्यावरून आलेली एक बाई बराच वेळ ऐकत होती. मग म्हणाली, “तुमाला रेंज हाय, म्हणून तुमी नको म्हणता. आमाला कोणी इचारलं?”

कुणी उत्तर दिलं नाही. २०१९ च्या ग्रामसभेच्या हजेरीपत्रकात धनगरवाड्यावरची एकही सही नव्हती. रविवारी सकाळी दहा वाजता म्हशी सोडून खाली उतरणं त्यांना जमत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. ‘गावाचा ठराव’ म्हणून जो कागद गेला तो मधल्या वाड्याचा ठराव होता. धोरणात लोकसहभाग हवा असं आपण सरकारला सांगतो तेव्हा आपल्या सहभागात कोण नाही, हे आधी तपासावं लागतं. या प्रकरणातली माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे, आणि ती कुठल्याही कायद्यात लिहिलेली नाही.

मोजणी

त्या बैठकीत ठरलं की टॉवर हवा की नको हा प्रश्न बाजूला ठेवायचा आणि आधी घरोघरी काय स्थिती आहे ते लिहून काढायचं.

फर्मागुडीच्या मुलाने सगळ्यांना फोनच्या सेटिंगमध्ये सिग्नलचा आकडा कुठे दिसतो ते दाखवलं. फोनवरच्या दांड्या फसव्या असतात, प्रत्येक कंपनीचा फोन त्या आपल्या हिशेबाने दाखवतो. आकडा डीबीएम या सिग्नलच्या ताकदीच्या मापात येतो आणि तो उणे असतो. उणे ८५ च्या आसपास असेल तर काम नीट चालतं, उणे ११० च्या खाली गेला की व्हिडिओ अडकतो, बोलणं तुटतं. एका कागदावर तक्ता छापला: घर, सिम कुठल्या कंपनीचं, दारात आकडा किती, पडवीत किती, सकाळी किती, संध्याकाळी किती.

लाइनमन काकांनी त्यात आणखी एक रकाना घालायला लावला: ‘वीज गेल्यावर किती वेळाने रेंज जाते’. आयुष्यभर खांबांवर चढलेल्या माणसालाच हे सुचू शकतं. टॉवर विजेवर चालतो, वीज गेली की बॅटरीवर, आणि बॅटरी संपली की जनरेटर असेल तर त्याच्यावर. पावसाळ्यात आमच्याकडे झाड पडून लाइन तुटली की वीज तासन्तास येत नाही. बॅटरी जुनी असेल तर शेजारच्या गावचा टॉवर थोड्याच वेळात गप्प होतो. म्हणजे ज्या रात्री साप चावल्यावर किंवा बाळंतिणीसाठी १०८ ला फोन करायचा, नेमका त्याच रात्री फोन लागत नाही.

स्वयंसाहाय्य गटाच्या बायकांनी अजून एक रकाना जोडला: ‘दिवसा फोन घरी असतो का’. पुरुष मोजणीला गेले असते तर ‘घरात फोन आहे’ एवढीच नोंद झाली असती.

काम सोपं नव्हतं. मेळावलीचं प्रकरण ताजं होतं, आणि तिथे ठिणगी पडली होती ती मोजणीवरूनच. हातात कागद घेऊन दारोदार फिरणाऱ्या पोरांना दोन-तीन घरांनी अंगणातच उभं केलं. “कसली मोजणी? कोणी पाठवलं?” बायका पुढे झाल्या तेव्हा दारं उघडली. सरकारने किंवा कंपनीने माणसं पाठवून असा सर्व्हे केला असता तर त्या महिन्यांत तो झालाच नसता. गावच्या माणसाने विचारलं म्हणून लोक बोलले, आणि धोरण करणाऱ्यांना नागरी संस्थांची गरज का असते याचं हे एक साधं, व्यवहारी कारण आहे.

निष्कर्ष असा निघाला. मधल्या वाड्यात एका कंपनीचं सिम बरं चालतं, बाकीची नाममात्र. पैलवाड्याला जी काही रेंज येते ती डोंगरापलीकडच्या टॉवरची, आणि वीज गेली की तीही जाते. धनगरवाड्यावर घरात काहीच नाही, सड्याच्या कडेला उभं राहिलं तर कधीमधी. शाळेशेजारी टॉवर आला असता तरी मधली टेकडी आड येऊन पैलवाड्याच्या निम्म्या घरांना त्याचा उपयोग नव्हता. २३०० मेगाहर्ट्झसारख्या वरच्या पट्ट्यातल्या लहरी डोंगराआड जवळजवळ पोहोचत नाहीत. ७००-९०० च्या पट्ट्यातल्या जरा तरी वळतात. ओहळाच्या वरच्या टेपावर, म्हणजे उंचवट्यावर, टॉवर उभा केला तर पैलवाडा पूर्ण आणि धनगरवाडा अर्धा समोर येतो, हे काका आणि त्या मुलाने चढून पाहून ठरवलं.

कायदा काय म्हणतो

ठराव घेताना पंचायतीला वाटत होतं की आपण नाही म्हटलं म्हणजे नाही. कागद वेगळं सांगतात. नोव्हेंबर २०१६ पासून लागू झालेल्या केंद्राच्या मार्गाधिकार नियमांत, म्हणजे टॉवर-केबलसाठी जागा वापरायच्या परवानगीच्या नियमांत, अर्जावर ६० दिवसांत निर्णय झाला नाही तर परवानगी दिली असंच धरलं जाई. ऑगस्ट २०२२ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. खाजगी जागेवर टॉवर उभारायला स्थानिक संस्थेची परवानगी नको, आधी लेखी कळवायचं आणि बांधकाम सुरक्षित असल्याचं अभियंत्याचं प्रमाणपत्र द्यायचं, एवढंच. पुढे दूरसंचार कायदा २०२३ आला, आणि त्याखालचे मार्गाधिकाराचे नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले. दिशा एकच आहे: टॉवर अडवण्याचा गावाचा अधिकार कमी कमी होत जाणं.

यामागचं कारण मी नाकारत नाही. गावागणिक वेगळी फी, वेगळी कागदपत्रं, कुठे सरपंचाची मर्जी, यात देशभर कामं रखडली होती. पण नकाराचा अधिकार काढून घेताना त्याच्या जागी म्हणणं ऐकण्याची, जागा सुचवण्याची, उत्तर मिळण्याची सोय द्यायला हवी होती. ती दिली गेली नाही. माझी तक्रार ही आहे.

टॉवरच्या लहरींनी आरोग्याला धोका आहे का, हा प्रश्नही कागदांवरून तपासला. १ सप्टेंबर २०१२ पासून भारताने टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली. ९०० मेगाहर्ट्झला ती दर चौरस मीटरला ०.४५ वॅट आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये या लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात ठेवलं, हेही खरं. म्हणून भीती वेडेपणाची नव्हती. पण दोन गोष्टी बैठकीत बहुतेकांना नव्याने कळल्या. अँटेनाचा झोत आडवा, दूरवर जातो, थेट पायथ्याशी तो तुलनेने क्षीण असतो. आणि रेंज कमी असते तेव्हा हातातला फोन टॉवर गाठण्यासाठी स्वतः जास्त ताकद लावतो, आणि तो फोन कानाला चिकटलेला असतो. ‘तरंग संचार’ या सरकारी संकेतस्थळावर ४,००० रुपये भरून कुणालाही टॉवरची तपासणी मागता येते, हे गुरुजींनी शोधून काढलं.

सगळ्यांत उपयोगी कागद मात्र जुना निघाला. टॉवरच्या परवानग्यांबाबत केंद्राच्या दूरसंचार विभागाने २०१३ मध्ये राज्यांना मार्गदर्शक सूचना पाठवल्या होत्या. त्यात लोकांच्या तक्रारींसाठी राज्य आणि जिल्हा पातळीवर दूरसंचार समित्या नेमायला सांगितलं आहे, आणि त्यांच्या सदस्यांत प्रशासन व कंपन्यांच्या प्रतिनिधींबरोबर समाजातल्या मान्यवर व्यक्तीही असाव्यात असं म्हटलं आहे. म्हणजे लोकांसाठी खुर्ची कागदावर तरी ठेवलेली आहे. तिच्यावर कोण बसलं आहे, हे गावात कुणालाच माहीत नव्हतं.

निवेदन आणि त्याचं पुढे काय झालं

तक्ता, हाताने काढलेला वाड्यांचा नकाशा आणि चार मागण्या असं निवेदन तयार झालं. टॉवर टेपावर यावा. बॅटरीची क्षमता कंपनीने लेखी कळवावी. उभा राहिल्यावर तपासणी करून अहवाल गावात लावावा. जिथे अभयारण्यामुळे टॉवर शक्य नाही तिथे पंचायत घरापर्यंत आलेल्या गोवा ब्रॉडबँड नेटवर्कच्या केबलवरून अंगणवाडीत वायफाय मिळावं.

निवेदन मराठीत होतं. एका कार्यालयात ते घेताना “इंग्रजीत आणा” असं सांगण्यात आलं. गुरुजींनी शांतपणे राजभाषा कायद्याची आठवण करून दिली. १९८७ च्या त्या कायद्याने कोकणी राजभाषा झाली आणि मराठीलाही सरकारी कामात वापराची मुभा मिळाली. मराठीत आलेल्या पत्राला मराठीत उत्तर द्यायचं, हे सरकारचंच धोरण आहे. निवेदन घेतलं गेलं, शिक्का मारून पोच मिळाली. तरी तांत्रिक तक्त्याची इंग्रजी प्रत सोबत जोडायचं मोजणी करणाऱ्या गटाने ठरवलं, काम अडू नये म्हणून. ज्यांना हे जमत नाही त्या गावांचं काय होत असेल, याचा विचार व्हायला हवा. टॉवरच्या सूचना, अर्ज, धोरणाचे मसुदे सगळं इंग्रजीत असेल तर सत्तरी, डिचोली, पेडण्यातला माणूस हरकत घेणार कशावर?

ऑगस्ट २०२२ मध्ये पंचायत निवडणुका झाल्या. नव्या पंचायतीत धनगरवाड्यावरचा एक पंच निवडून आला, आणि गटाचा कागद पंचायतीचा कागद झाला. त्याच सुमारास नियम बदलल्यावर दुसरी एक कंपनी आली. तिलाही शाळेशेजारचीच जागा सोयीची होती, आणि आता तर परवानगीही नको होती. पंचायतीने कंपनीच्या माणसाला बोलावून तक्ता समोर ठेवला. त्याने तो बराच वेळ पाहिला. कोणत्या घरात कोणतं सिम आणि किती रेंज, ही माहिती त्याच्याकडेही नव्हती. टेपावर टॉवर आला तर जास्त घरं मिळतात, हे धंद्याच्या हिशेबानेही त्याला पटलं.

अडचण पुन्हा जमिनीचीच. टेपावरची एक जागा स्वच्छ नावाची होती, पण नावं अनेक भावांची. एक फोंड्याला, एक बेळगावला, एकाची विधवा म्हापशाला मुलीकडे. सगळ्यांच्या संमतीच्या सह्या मिळवायचं काम स्वयंसाहाय्य गटाच्या बायकांनी अंगावर घेतलं. धोरणाच्या चर्चेत अशा कामाला नाव नसतं. टॉवर मात्र त्या सह्यांमुळे टेपावर गेला.

२०२३ मध्ये तो सुरू झाला. २०१९ मध्ये सर्वांत जोराने विरोध केलेल्या पालकांनीच वर्गणी काढून ४,००० रुपये भरले. दूरसंचार विभागाचं पथक येऊन मोजून गेलं. आकडे मर्यादेच्या बरेच खाली आले आणि अहवालाची प्रत देवळाच्या फलकावर लागली. विरोध करणाऱ्यांना अडाणी न ठरवता त्यांच्या हातात तपासणी दिली, म्हणून हे झालं.

पैलवाड्यात आज घरात बसून फोन लागतो. बॅटरीबद्दल लेखी हमी कंपनीने दिली नाही, आणि गेल्या पावसाळ्यात वीज गेल्यावर टॉवर बंद पडण्याचे प्रकार झालेच. धनगरवाड्यावर अर्ध्या घरांना रेंज येते, मागची घरं तशीच. अंगणवाडीतलं वायफाय अजून कागदावर आहे. जिल्हा समितीवर कोण आहे, या पत्राची पोच मिळाली, उत्तर मिळालेलं नाही.

धोरणापर्यंत जायचं तर

एका गावाने टॉवरची जागा बदलून घेतली याला धोरण घडवणं म्हणता येईल का, असं एका मित्राने मला विचारलं. जागा बदलणं हे धोरण नाही, मान्य. पण धोरण बदलायचं तर हातात काय लागतं, ते या गावाने दाखवलं. देशपातळीवरचं उदाहरण घ्या. मार्च २०१५ मध्ये ट्राय या केंद्राच्या दूरसंचार नियामक संस्थेने इंटरनेटवरच्या सेवांबाबत सल्लामसलतीचा कागद काढला, तेव्हा दहा लाखांच्या वर लोकांनी ईमेलने मतं पाठवली. फेब्रुवारी २०१६ मध्ये वेगवेगळ्या मजकुरासाठी वेगवेगळे डेटादर लावायला ट्रायने बंदी घातली. ते घडलं कारण ट्रायला निर्णयाआधी मतं मागवावी लागतात आणि काही जाणत्या लोकांनी शंभरावर पानांचा तो कागद साध्या भाषेत समजावून दिला. राज्याच्या धोरणांना अशी सक्तीची पायरी नाही. केंद्राने २०१४ मध्ये कायद्यांच्या मसुद्यांसाठी किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवण्याची पद्धत ठरवली. गोव्याने दूरसंचार आणि माहिती तंत्रज्ञानाच्या प्रत्येक धोरणासाठी तीच पद्धत घ्यावी, मसुदा कोकणी आणि मराठीत द्यावा, आणि आलेल्या सूचनांपैकी काय घेतलं, काय का घेतलं नाही ते छापावं. १९९७ मध्ये, देशाचा कायदा यायच्या आठ वर्षं आधी, माहितीच्या अधिकाराचा कायदा करणाऱ्या राज्याला हे अवघड नाही.

आणि लोकांच्या बाजूने सांगायचं तर गोव्यातल्या संघटनांनी या विषयाला अजून आपला मानलेलं नाही. जमीन, पाणी, खाण यांवर आपल्याकडे अभ्यासू माणसं आहेत. स्पेक्ट्रम, बॅटरी, केबल, सेवेची गुणवत्ता हे विषय कंपनीचे आणि खात्याचे असं आपण सोडून दिलं. फर्मागुडीसारख्या महाविद्यालयातली मुलं, निवृत्त लाइनमन, गावचे बचत गट ही माणसं तालुक्यातालुक्यांत आहेत. त्यांना एकत्र बसवायला मोठी संस्था लागत नाही.

सध्या गावात नवं काम सुरू आहे. ट्रायच्या २०२४ च्या सेवा-गुणवत्ता नियमांमुळे कंपन्यांना आपली रेंज कुठे कुठे आहे याचे नकाशे संकेतस्थळावर लावावे लागतात. गटाने ते नकाशे काढले आणि आपल्या तक्त्याशेजारी ठेवले. पैलवाडा जुळतो. धनगरवाड्याच्या मागच्या घरांवर एका कंपनीचा नकाशा फोर-जी आहे म्हणून रंगवलेला आहे, आणि तिथे दारात उभं राहिलं तर फोनवर ‘सेवा नाही’ असं येतं. घरांची यादी, वेळ, आकडे आणि स्क्रीनची छायाचित्रं जोडून त्याची तक्रार त्या कंपनीच्या तक्रार केंद्राकडे गेली. तिथून समाधान झालं नाही, म्हणून आता ती ग्रामसभेच्या ठरावासह कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे पाठवली आहे, आणि एक प्रत ट्रायला. या वेळच्या ठरावावर धनगरवाड्यावरच्या घरांच्या सह्या आहेत. ग्रामसभा त्यांच्या सोयीने दुपारी तीनला ठेवली होती.